तोलाजींनी दोन भाषा तोलल्या

बाजारात त्यांना सगळे तोलाजी म्हणत. वजनकाटे आणि तराजू दुरुस्त करण्याचं त्यांचं चिंचोळं दुकान होतं. भिंतीवर उलटी टांगलेली पारडी, डब्यांत स्प्रिंगा, आणि ठोकून ठोकून खड्डा पडलेल्या टेबलामागे स्वतः तोलाजी. हे जड, ते हलकं, असं सांगण्यात आयुष्य गेलेलं. त्यामुळे ती खोड घरीही आली होती. कुठल्या भाचीचा आवाज बरा, कुठल्या व्याह्यांना पोच कमी, याचे निकाल ते न विचारता लावत, आणि निकालावर अपील चालत नसे.

पुढे लेकीने समुद्रापारच्या बेटावरची मालागासी बोलणारा नवरा केला आणि लेकाने ओडिया बोलणारी बायको. दुसरा एखादा बाप गांगरला असता. तोलाजींना आयती दोन पारडी मिळाली.

सून घरातच होती. इस्पितळात एक्स-रे काढण्याची नोकरी होती तिची. लेक-जावई लांब राहत, सुट्टीला येत. यंदा ते तान्ह्या मुलीला घेऊन आले तेव्हा तोलाजींनी काही दिवस दोन्हीकडे कान लावला, दोघांना खोदून खोदून विचारलं, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना जेवणाच्या पानावरच निकाल जाहीर केला.

ओडिया म्हणजे आपल्या भाषेची चुलतबहीण. पाण्याला पाणिच म्हणतात, ‘ळ’सुद्धा आपल्यासारखा, आणि क्रियापदही आपल्यासारखंच रांगेत शेवटी उभं. यात नवल ते काय? मालागासीत बघा, काम आधी सांगतात आणि करणारा मागून येतो. ‘पितो पाणी मी.’ किती विनयाची भाषा! शब्द कधी व्यंजनावर आपटत नाही, स्वरावर अलगद उतरतो. ओडियातही बरेच शब्द तसेच उतरतात, असं जावयानेच मध्ये सांगून पाहिलं. पण निकाल सुरू झाल्यावर तोलाजी साक्षीदार घेत नसत.

“मालागासी गोड,” ते म्हणाले, “ओडिया कर्कश.”

सून तेव्हा वाढत होती. पंगत संपेपर्यंत वाढत राहिली आणि मग आत गेली. तोलाजींनी हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी हाच निकाल बाजारभर सांगितला.

आठवडाभरात लेकाने खालमानेने कळवलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या बघितल्यात, महिनाअखेर ते दोघं तिकडे जातील. कारण विचारायची गरज नव्हती. तोलाजींची बायको सुनेशी भांडायची असेल असं कुणाला वाटेल, पण तिची गट्टी नवऱ्यापेक्षा सुनेशीच जास्त. तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की ती गेली तर मीही तिच्याकडे राहायला जाईन, तुम्ही बसा इथे निकाल लावत.

तोलाजी डगमगले नाहीत. आपला काटा चुकतच नाही, असं त्यांनी घरात दोनदा आणि दुकानात बऱ्याचदा सांगितलं.

मग एका भाजीवालीने काटा आणला. त्यावर काही नसतानाही तो वजन दाखवत होता. तोलाजींनी तिला फैलावर घेतलं. अगं बाई, रिकामा काटा आधी शून्यावर आणायचा, त्याशिवाय माल ठेवायचाच नाही... आणि बोलता बोलता ते थांबले. भाजीवालीला वाटलं, यांना चक्कर आली.

मालागासी आपण कधी ऐकली? जावई सुट्टीवर, पोटभर जेवून, तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन गुणगुणत असताना. आणि ओडिया? बंद दारातून. दिवसभर उभी राहून थकलेली सून भावाशी फोनवर हुज्जत घालत असताना.

साधा माणूस घरी जाऊन माफी मागून मोकळा झाला असता. तोलाजींनी फेरतपासणी ठेवली.

रविवारी सकाळी त्यांनी जावई आणि सुनेला समोर बसवलं. दोघांनी आपापल्या भाषेत त्यांना झोडपायचं. विषय एकच, तोलाजी. हातचं राखायचं नाही.

जावयाला आधी जमेना. सासऱ्याकडे बघून तो नुसता हसे. मग लेकीने त्याच्या कानात आठवण करून दिली की बाबांनी लग्नाला होकार द्यायला किती वाट बघायला लावली होती. त्यावर ती विनयाची भाषा पत्र्यावर खडे पडावेत तशी वाजू लागली. लेकीने हात धरून त्याला खाली बसवलं तेव्हा कुठे तो थांबला.

सुनेने हळू सुरुवात केली. मग ती उठून उभी राहिली. जावई आदराने ऐकू लागला. तोलाजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण एक शब्द राहून राहून येत होता, ‘बोउ’. बंद दारातूनही तोच यायचा.

“बोउ म्हणजे आई ना?” त्यांनी मध्येच विचारलं. “काय झालंय त्यांना?”

सून थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला.

“लग्न झाल्यापासून माझ्या माणसांचं आज पहिल्यांदा विचारलंत, बाबा.”

मग ती बसली आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत तिने सांगितलं. आईच्या खुब्याचं हाड मोडलंय, भाऊ ऑपरेशन पुढे ढकलतोय, एक्स-रेची फिल्म हिने स्वतः पाहिलीये आणि तो ऐकत नाही. तोलाजींनी जन्मात पहिल्यांदा पुरतं ऐकून घेतलं. त्या भावाशी आपण बोलू का, असं त्यांनी विचारलं. बोला, पण निकाल लावू नका, असं बायकोने बजावलं.

दुपारी सुनेने नवऱ्याला, खोल्या नकोत असं खोलीवाल्याला कळवायला सांगितलं. सासऱ्याला मात्र तिने फुकट सोडलं नाही.

“बाजारभर सांगितलंत ना? आता रद्द झाल्याचंही तुम्हीच सांगायचं. एकेका दुकानात जाऊन.”

सोमवारी तोलाजी ताठ मानेने निघाले. शिंप्याकडे सांगितलं, भांडेवाल्याकडे सांगितलं. वाण्याकडे तर पायरीवर उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं की मालागासी आणि ओडियाबद्दलचा आमचा निकाल रद्द समजावा.

वाण्याने गिऱ्हाइकाची पुडी बांधली, दोरा तोडला आणि वर पाहिलं.

“बरं,” तो म्हणाला. “माझा काटा कधी देताय?”