नाल्याच्या अलीकडची समिती

चार वर्षं समितीवर बसलेल्या माणसाला एकही ठराव धड आठवत नाही, पण किस्से विचारा, सगळे तोंडपाठ असतात. माझं तसंच झालं आहे. परवा बऱ्याच दिवसांनी नागपूरला गेलो आणि आमच्या जुन्या वस्तीतल्या पुलावरून रिक्षाने निघालो. रिक्षावाल्याला म्हटलं, "जरा हळू घे, हा पूल आमच्या समितीने मागितला होता."

तो मागे वळून म्हणाला, "मागावा लागला होता का जी? मले वाटलं, पयलेपासूनच हाय."

मला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. पण पूल कसा झाला हे त्याला सांगायचं राहून गेलं. ते आमच्या समितीच्या कार्यवृत्तातही नाही. मीच लिहायचो ते, त्यामुळे मला नक्की माहीत आहे.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेच्या भिंतीवर विकास ऑफिसची नोटीस लागली होती, "वस्ती विकास सल्लागार समितीसाठी समाजकार्याची आवड असलेल्या नागरिकांनी अर्ज करावेत. मानधन नाही." मी तेव्हा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत क्लार्क होतो. समाजकार्याची आवड वगैरे काही नव्हती, लग्न जमत नव्हतं. मुलगी बघायला गेल्यावर नावापुढे काहीतरी सांगता यावं, एवढाच माझा हेतू होता.

बापूरावजी आमचे अध्यक्ष. रिटायर्ड पोस्टमास्तर, पांढरं धोतर, काळी टोपी आणि खिशात सतत दोन पेनं. त्यांनी माझा अर्ज हात लांब करून वाचला. मी घोकून आणलेले विचार सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "विचार मागाहून पाहू. अक्षर चांगलं आहे. तुम्ही सचिव."

पुढे एके ठिकाणी मुलीच्या वडिलांना मी अभिमानाने सांगितलं की मी सल्लागार समितीचा सचिव आहे. आतून मुलीचाच आवाज आला, "मंग ह्यायचा सल्ला कोनी ऐकते का?" तिच्याशीच माझं लग्न झालं, आणि तो प्रश्न ती अजून विचारते.

*

पहिली सभा शाळेत, तिसरीच्या वर्गात झाली. फळ्यावर तेराचा पाढा तसाच होता. अध्यक्षांना मास्तरची खुर्ची आणि आम्हाला पोरांचे बाक मिळाले. सायकल स्टोअरवाला गुलाबराव, वजनाने आमच्यातला सर्वात मोठा सदस्य, बसताना बाकात गेला तो सभा संपली तरी निघेना. शेवटी आम्ही बाक आडवा केला आणि त्याला ओढून काढलं.

पण त्या दिवशीचा खरा प्रश्न त्यानेच विचारला होता. "बापूरावजी, आपल्याले करा लागते काय?"

"सल्ला द्यायचा."

"अन् त्यायनं नाही ऐकला त?"

बापूरावजींनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "मग पुन्हा द्यायचा."

चार वर्षांत समितीच्या कामाची याहून चांगली व्याख्या मी कुणाकडून ऐकली नाही.

*

समितीवर एक महिला सदस्य असलीच पाहिजे, असा नियम होता. प्रत्येकाने आपापल्या बायकोचं नाव सुचवलं आणि प्रत्येकाच्या बायकोने नकार दिला. महिनाभर ती जागा रिकामी राहिली. मग एका सभेत कौसल्याबाई मेश्राम स्वतःच येऊन बाकावर बसल्या. वस्तीची दाई. पन्नाशी ओलांडलेली, किडकिडीत बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात कापडी पिशवी. त्या पिशवीत काय असतं ते वस्तीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

गुलाबराव म्हणाला, "मावशी, इथं सभा चालू हाय. तुमी काहून आल्या?"

"मले पूल पाह्यजे," कौसल्याबाई म्हणाल्या.

आमच्या वस्तीच्या मधून नाला जायचा. अलीकडे शाळा, दुकानं, डांबरी रस्ता. पलीकडे चाळीस-पन्नास घरं. वरच्या बाजूच्या तलावाकडे पाऊस झाला की अर्ध्या तासात नाला छातीएवढा भरायचा, आणि लांबून जायची वाट काळ्या मातीतून, तिथे बैलगाडीसुद्धा रुतायची. बाळंतपणाला काही पाऊस कळत नाही. कौसल्याबाई अलीकडे राहायच्या.

"पूल त ठीक हाय," गुलाबराव म्हणाला, "पन सभेचे नियम असते मावशी. कोनी बी कसं बी येऊन बसन त—"

"गुलाब, तू पोटातून पायाकडून आला होता. नियमानं आला असता त तुह्या मायचा जीव एवढा खाल्ला नसता. सरक तिकडं."

गुलाबराव सरकला. ठराव एकमताने मंजूर झाला.

*

आता बापूरावजींचं सांगायला हवं. विकास ऑफिस आमच्या वस्तीपासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. पण बापूरावजी ठराव हाताने द्यायला तयार नसत. तो रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावती जोडूनच जाणार! चार दिवसांनी त्या ऑफिसचा शिक्का बसलेली पोचपावती परत आली की त्यांचा चेहरा फुलायचा. ती पावती ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, आणि त्यांच्या लेखी तिथे काम संपायचं. अख्खी नोकरी पत्र पोचवण्यात गेली होती. पोचल्यावर पत्राचं काय होतं हे बघायची त्यांना सवयच नव्हती.

खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच ती सवय लागली. कौसल्याबाई प्रत्येक सभेत विचारायच्या, "पुलाचं काय झालं गा?" आणि आम्ही एका सुरात सांगायचो, "ठराव पाठवला आहे. पोचही आली आहे."

"पोच आली," त्या म्हणायच्या, "अन् पूल कधी येते?"

हे मी कार्यवृत्तात लिहीत नसे. मी लिहायचो, 'चर्चा झाली.'

*

पाचव्या की सहाव्या ठरावानंतर विकास ऑफिसचे साहेब पाहणीला आले. महिना मे. नागपूरचा मे महिना काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. नाल्यात थेंब नव्हता. पोरांनी मधोमध विटांचा स्टंप रचून क्रिकेट मांडलं होतं. साहेब उतरले, नाल्याच्या तळाशी उभे राहिले, रुमालाने मान पुसली आणि प्यायला पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "यावर पूल? इथे पाणी कुठे आहे?"

बापूरावजींनी अदबीने सांगितलं, "पावसाळ्यात असतं साहेब."

"मग पावसाळ्यात बोलवा ना."

आम्ही पावसाळ्यात बोलावलं. रजिस्टर्ड पोस्टाने उत्तर आलं, 'रस्ता चिखलमय असल्याने पाहणी पावसाळ्यानंतर करण्यात येईल.' बापूरावजींनी तेही डब्यात ठेवलं. असे दोन पावसाळे गेले.

मधल्या काळात ऑफिसने आम्हाला एक गोष्ट न मागता पाठवली. समितीचं नाव लिहिलेली सागवानी पाटी, चांगली आठ फूट लांब. ती लावायला आमच्याकडे इमारत नव्हती. गुलाबरावने ती नाल्याच्या अरुंद जागी आडवी टाकली, आणि महिनाभर पलीकडची पोरं आमच्या नावावर पाय देऊन शाळेत आली. पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी धापा टाकत आलं आणि म्हणालं, "चला जी, समिती वाहून गेली!"

*

हसण्यासारखं खूप होतं, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. ती वगळली तर पुढची कळायची नाही.

जुलै महिना. पलीकडच्या यमुनाला दुपारी कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. निरोप आला तोवर नाला भरला होता. कौसल्याबाई पिशवी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरल्या, दोनदा उतरल्या, दोन्हीदा गुलाबरावने त्यांना ओढून काठावर आणलं. पलीकडून यमुनाची सासू हाका मारत होती आणि कौसल्याबाई अलीकडून ओरडून सांगत होत्या, काय करायचं, काय नाही. तीन तासांनी पाणी ओसरलं. त्या पोचल्या तेव्हा यमुना होती, बाळ नव्हतं.

पुढच्या सभेत त्या आल्या, बाकावर बसल्या आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. बापूरावजींना राहवलं नाही. तेच म्हणाले, "बाई, आपण पुन्हा ठराव पाठवू."

मी कार्यवृत्तात लिहिलं, 'नाल्याचा विषय पुढील सभेसाठी ठेवण्यात आला.' त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

*

वर्षभराने यमुनाला पुन्हा दिवस गेले. तारीख ऐन ऑगस्टमध्ये येत होती. या वेळी कौसल्याबाई कुणाला न विचारता पंधरा दिवस आधीच पिशवी घेऊन पलीकडे राहायला गेल्या. मुलगा झाला. धडधाकट, वस्तीभर ऐकू येईल असा रडणारा.

बारशाच्या आदल्या दिवशी त्या विकास ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसल्या. साहेब बाहेर आले तशा उठून म्हणाल्या, "साहेब, पाहणीले नका येऊ. पावसापाण्याचं तुमाले जमत नाही, मले मालूम हाय. बारशाले या. लेकरू लय नवसाचं हाय, तुमच्या हातानं टोपरं घाला."

पाहणी पुढे ढकलता येते, बारसं कोण ढकलणार? साहेब दुसऱ्या दिवशी तीन वाजता आले. माणूस वाईट नव्हता, नवं झबलंटोपरं घेऊन आला होता. जीप अलीकडे थांबली. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं, साहेबांनी बूट हातात घेतले आणि बापूरावजींच्या आणि माझ्या सोबतीने हसत पार केलं. आभाळ तलावाच्या बाजूला काळंकुट्ट झालं होतं. त्या नाल्याकडे तीस वर्षं बघत आलेली बाई ओट्यावर उभी राहून तिकडेच बघत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बारसं झालं. कौसल्याबाईंनी साहेबांना जेवायलाच बसवलं. पुरणाची पोळी संपली की दुसरी, दुसरी संपली की, "हे यमुनाच्या सासूच्या हातची, नाही म्हनू नका." साहेब दोनदा उठले, दोनदा बसले. मग बाहेर तो आवाज सुरू झाला, आणि आम्ही सगळे ओट्यावर आलो.

नाला छातीएवढा भरून चालला होता. पलीकडच्या काठावर, म्हणजे आमच्या काठावर, जीप आणि ड्रायव्हर. त्याच्या शेजारी छत्री घेतलेला गुलाबराव.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि बापूरावजींना विचारलं, "अध्यक्ष, आता मी पलीकडे जायचं कसं?"

बापूरावजींनी टोपी काढून हातात घेतली.

कौसल्याबाई यमुनाचं बाळ घेऊन बाहेर आल्या, पायाने पाट पुढे सरकवला आणि म्हणाल्या,

"बसा साहेब. ठराव पाठवला हाय, पोच बी आली हाय. तोवर याले घ्या मांडीवर."