घोंगडीखालची मेंढरं

वालूरचा मल्हारी पूर्णेत स्टेशनासमोरच्या व्हिडिओच्या दुकानात कामाला होता. धनगराच्या घरातला, गळा बापाकडून आलेला. चंपाषष्ठीच्या जागरणात खंडोबाची पहिली ओवी त्याचा बाप म्हणायचा. बापामागे तो मान मल्हारीकडे आला. नोकरीपेक्षा त्याला तो मान मोठा वाटे.

एक्क्याण्णव साली आखातातून परतलेल्या एका गिऱ्हाइकानं दुकानात जपानी हलत्या चित्रांची, म्हणजे कार्टूनची, कॅसेट दिली. एक पोरगा आणि त्याच्यासाठी आभाळातून उतरलेल्या पाच देवकन्या. भाषा कुणालाच कळेना. मग मल्हारी टीव्हीशेजारी उभा राहून गोष्ट सांगू लागला आणि सांगता सांगता त्यानं त्या पोराला खंडोबा करून टाकलं. देवाच्या पाच बायका पाच जातींतल्या, ह्या पाच जणीही पाच तऱ्हांच्या. गोष्ट जमली. खबर गावात पोचली, तसे देवस्थानचे तात्याराव म्हणाले, "षष्ठीच्या आदल्या दिवशी दुपारी मंडपात लाव. बाया बी बघतील."

हो म्हणून झालं आणि एसटीत त्याला आठवलं, मधे कुठंतरी त्या पाची जणी आंघोळीला उतरतात आणि पोरगा भिंतीआडून बघतो. दुकानात गिऱ्हाइकं हसायची. मंडपात मात्र तो पोरगा देव होता. भाड्यानं आणलेल्या व्हिडिओ-यंत्राचं कॅसेट पुढं पळवायचं बटण मोडलेलं होतं. आधी वाफ दिसते, एवढंच त्याच्या ध्यानात होतं.

मंडपाला ताडपत्र्या लावून अंधार केला होता. पुढं बाया बसल्या. त्यांत त्याची बायको केवळाबाई आणि सगळ्यांपुढं चुलती कासाबाई. पडद्यावर पाची जणींची लढाई सुरू झाली तसा मंडप गप्प झाला. तलवार फिरायच्या आधी गवत हलायचं, मग केस, मग तलवार. प्रत्येकीचं हत्यार तिच्या स्वभावाचं. मल्हारीला हे फार आवडे, पण आज त्याचं लक्ष नुसतं वाफेकडं होतं.

"मल्हारी," कासाबाई म्हणाली, "बाया लढायल्यात. देव काय करायलाय?"

"बघायलाय."

"नुसतं? आमच्या देवानं बाणूसाठी बारा वर्सं मेंढरं राखली. लेंड्या झाडल्या. ह्याच्यावर पाची जणी कशापायी भाळल्या रं?"

बाया हसल्या. हीच खोट त्यालाही खुपत होती. लढताना वाघिणी असलेल्या त्या पोरी पोरगा समोर आला की आपलं काम विसरून नुसत्या लाजायच्या.

तेवढ्यात पडद्याच्या कडेनं पांढरं काही वर चढू लागलं.

त्यानं खांद्यावरची घोंगडी ओढली आणि टीव्हीवर टाकली.

"ऑ! काय झालं?" बायांतून आवाज आला.

"देव रानात निघाला," मल्हारी म्हणाला. "बाणाईच्या वाड्यावर. तिथं परक्याच्या नजरेला बंदी हाय." घोंगडीखालून पोरींचं खिदळणं आलं. ते बुडवायला त्यानं ओवी धरली. देव म्हातारा झाला, बाणाईच्या दारी चाकरीला राहिला, मेंढरं नदीवर नेली, एकेक धुतली. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला. खालचं हसणं थांबेपर्यंत त्यानं शंभर मेंढरं धुतली.

घोंगडी काढली तर लढाई चाललेली. पोरगा तसाच उभा.

"मेंढरं कुठं गेली?" कासाबाईनं विचारलं. "परत टाक ती घोंगडी. तितंच बरं होतं."

मंडपभर हसू उसळलं. तात्याराव हसले नाहीत. खेळ संपल्यावर ते जवळ आले. "उद्याची पहिली ओवी तूच म्हण. पण मल्हारी, देवाचं नाव दुसऱ्या कुणाला देऊ नगंस."

"न्हाई देत, तात्या."

तात्यांना कुठवर समजलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. केवळाबाईनं घोंगडी उचलून घडी घातली. टीव्हीच्या धगीनं ती अजून ऊन होती.

"मला वाफ दिसली," ती हळूच म्हणाली. "तात्या माझ्या मागंच बसले हुते."