विहिरीवरची परीक्षा

अनोळखी माणूस तुमच्या ओटीवर बसून पिशवीतून तुम्हीच लिहिलेलं पत्रक काढू लागला, तर तुम्ही त्याला काय समजाल? मी गुप्त पोलीस समजलो.

माझं काय चुकलं? त्या वर्षी रत्नागिरीत पोस्टमन दारात रेंगाळला तरी मला त्याचा संशय येई. शिवाय माझी पत्रकं भराभर संपत होती. गठ्ठा माजघरात ठेवावा, की आठवड्यात निम्मा! (क्रांती फाटकापाशी आली, असा माझा हिशेब.) सरकार दचकणारच!

पाहुणा मुंबईच्या बोटीने आलेला. चष्मा, खाकी पिशवी, बुटांना ओली वाळू. म्हणजे आधी किनाऱ्यावर टेहळणी!

"घरात कोण कोण असतं?"

"मी, आई आणि नाना." धाकट्या कुसुमचं नाव मी गाळलं. निरपराध पोरीला कशाला ओढा?

"आणखी कुणीच नाही?" त्याचा चेहरा पडला, आणि त्याने पत्रक काढलं. 'मुलींना विद्यापीठात पाठवा!' माझंच!

मी मागच्या पडवीत धावलो. पाट्याखाली माझ्याच पत्रकांचे गठ्ठे, दोरीने बांधलेले! (कुसुमने भावासाठी लपवले. शहाणी पोर!) उचलले आणि थेट विहिरीत!

"मेल्या, प्यायच्या पाण्यात काय टाकलंस?" आई ओरडली.

"पुरावा!"

तेवढ्यात कुसुम समुद्रावरून आली, ओल्या लुगड्याने. "दादा! माझं शेवाळ!"

वर्षभर ती ओहोटीला मिऱ्याच्या खडकांवरून शेवाळ आणून माझ्या पत्रकांत दाबून वाळवत होती. काही नमुने तिने त्या पत्रकांसकट विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पाठवले होते. बाकीचा संग्रह पसंत पडला, तर तिला शिष्यवृत्ती आणि त्यांच्या संशोधनात काम. तो बघायलाच ते आले होते! नानांनी बजावलं होतं, सरांनी स्वतः निवडलं तरच मुंबई.

"मला का नाही सांगितलंस गो?"

"त्यावरही पत्रक काढलं असतंस!" ती रडू लागली.

प्राध्यापक विहिरीच्या काठावर आले. दोऱ्या सुटल्या होत्या, आणि वाळलेलं शेवाळ पाणी पिऊन समुद्रातल्यासारखं पसरत होतं.

"ते कोपऱ्यातलं, पंख्यासारखं?" त्यांनी विचारलं.

कुसुमने नाक पुसलं. "पॅडायना, सर."

"हे हिरवं?"

"उल्वा. ते दोन खडकांवरचं आहे, सर. डाव्या खडकावरचं जास्त रुंद वाढतं."

"का?"

"अजून कळलं नाही."

"मग जूनमध्ये या. दोघं मिळून शोधू."

बागेतून आलेल्या नानांनी हे ऐकलं. "ट्रंक काढा हो," ते आईला म्हणाले. आईने आधी पोहरा काढला.

सर माझ्याकडे वळले. "पत्रकं तुमची?" मी छाती पुढे काढली. "उत्तम! पाणी फार छान शोषतात."

कुसुम आता मुंबईत आहे. तसला कागद तिथे मिळत नाही, असं लिहिते. तेव्हा वाचकहो, एवढं कराच: माझी पत्रकं घरात पडून असतील, तर माझ्याकडे परत धाडा. न वाचलेली आधी पाठवा. त्यांना सुरकुत्या नसतात!