डाव्या गालावरचा गमछा

सदाकाका गेले त्याला दीड महिना झाला. दुर्गच्या दवाखान्यातून काकूचा फोन आला तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत होते. "राहिले नाही गं ते," एवढंच ती म्हणाली. मी उरलेल्या घड्या घातल्या. हातांना दुसरं काही सुचेना...

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, दुर्गजवळच्या हथखोजमधल्या एका कारखान्यात ठेक्यावरचे वेल्डर. मजुरांसाठी मी लिहिलेली पत्रकं गेटवर तेच वाटत, आणि आधी चुका काढत. "लय लांब वाक्य आहे बाई. सायकलवर बसल्या बसल्या वाचता आलं पाह्यजे."

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा डावा जबडा सुजला. काकू म्हणाली गालफुगी, बाबा म्हणाले अक्कलदाढ. "पंचावन्नाव्या वर्षी येऊन राहिली तं येऊ दे ना," काका हसले. दुखलं की ते तिथे गुडाखू लावत, तंबाखू-गुळाचा तो काळा लेप, ज्याने इकडे कित्येक घरांत सकाळी दात घासतात. लावलं की दाढ बधिर व्हायची. बधिर होणं म्हणजेच बरं होणं, असं आम्ही सगळेच समजत होतो.

महिन्याभरात गेटपाससाठी आरोग्य तपासणी होती; पास नसेल तर कारखान्यात काम नाही. आजारी दिसला की ठेकेदार माणूस बदलतो. काका गालावर गमछा गुंडाळून कामावर जाऊ लागले. एकदा मला विचारलं, "आताच दाखवू का गं डॉक्टरले?"

हक्कांवर पानंच्या पानं लिहिणारी मी म्हणाले, "पास होऊ द्या काका, मग जाऊ."

तपासणीत डोळे पाहिले, बीपी पाहिलं. गमछा काढा, असं कोणी म्हटलंच नाही. पास मिळाला. तोवर त्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. डॉक्टरांनी आतला तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. शेवटच्या भेटीत ते मिटल्या दातांतून म्हणाले, "लिही याच्यावर. लहान लिही."

लिहिलंय. जबडा दाढेने सुजतो. हिरडीत पू होऊन सुजतो. लाळेच्या गाठीने सुजतो. कधी कॅन्सरनेही. दोन आठवड्यांत उतरला नाही तर दाखवा. दुखऱ्या जागी गुडाखू लावू नका. शेवटचं वाक्य मात्र मी लिहिते आणि खोडते: पाससाठी थांबू नका. ज्याचा पास जाईल, त्याला मी काय देणार आहे...

पंख्याने कागद उडू नयेत म्हणून काका गठ्ठ्यावर आपली गुडाखूची डबी ठेवत. आजही तीच ठेवली आहे. अर्धी भरलेली. झाकण घट्ट लावलं तरी वास येतोच.