फोडणी न शिकलेलं नाक

करोनात आईला वास येणं बंद झालं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. दुसऱ्या कुणाचं त्यावाचून फारसं अडलं नसतं. पण धारला आमच्या गल्लीतल्या मंदिरात नैवेद्याचा स्वयंपाक चाळीस वर्षं तिच्याकडे. देवाआधी चव घ्यायची नाही, म्हणून ती सगळं वासावरच ओळखायची. एकदा खीर करपली, तिला कळलंच नाही. दिवसभर तोंड लपवून बसली.

मी देवासला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हटलं, नाकच बनवू. वासाचे सेन्सर आणले, त्यांच्यामागे मेंदूतल्या पेशींसारखी वागणारी सर्किटं जोडली. थोडाथोडा विद्युतभार साठवायचा, काठोकाठ भरला की एक ठोका द्यायचा, पुन्हा रिकामं व्हायचं. वास उग्र तितके ठोके भराभर, फार झाले की लाल दिवा. लॅबमध्ये दूध करपवलं, भात करपवला, डाळ करपवली. दर वेळी दिवा लागला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आईने ते खोकं ओट्यावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. "मेरी बेटी ने नाक बना के दी है," असं अख्ख्या गल्लीला सांगून आली.

दोन महिन्यांनी उत्सवाला गेले. पंगतीत वरणाला कच्च्या हिंगाचा वास, मोहरी कडू. लोक मुकाट जेवत होते. शेजारची काकू हळूच म्हणाली, "दो महीने से ऐसाच है, बेटा. कोण बोलणार तिला?"

संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले. आईने तापल्या तेलात मोहरी टाकली, हिंग टाकला. लगेच लाल दिवा लागला आणि तिने घाईघाईने कढई उतरवली. मोहरी तडतडलीसुद्धा नव्हती. तिचे कान शाबूत होते, हात शाबूत होता, पण विश्वास ठेवला तो माझ्या खोक्यावर.

मी देवासला खानावळीत जेवते. लॅबमध्ये जगातलं सगळं करपवलं, फोडणी एकदाही केली नाही. त्या नाकाच्या लेखी फोडणी म्हणजे करपणंच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला तिथेच ढसढसा रडावंसं वाटलं.

"आई, दोन महिने फोडणी कच्ची राहतेय. पण चूक यंत्राची आहे, तुझा हात बरोबर आहे."

तिने गॅस बंद केला. "राहू दे ग बाई. माझं मन राखायला स्वतःच्या कामाला नावं ठेवू नकोस. इतकी शिकलेली तू, तुझं चुकेल होय?"

दुसऱ्या दिवशी तिने मंदिराची कढई घासूनपुसून शेजारच्या काकूकडे देऊन टाकली. त्यानंतर मी कितीदा तरी सांगितलं. ती मायेने माझ्याकडे बघते आणि एक शब्दही खरा मानत नाही.