ओढणी खाली आली की पास

"हलवू नका. त्याला बोलू द्या."

दुधाच्या मापात लॅक्टोमीटर सोडला की डेअरीवाले भाऊ असं म्हणायचे. मग कमरेत वाकून, एक डोळा मिटून, श्वास धरून उभे राहायचे. ती काचेची नळी डुलायची, हळूहळू थांबायची. भाऊ आकडा सांगायचे. अठ्ठावीस. एकोणतीस. आकडा फारच खाली गेला तर सांगायचे नाहीत, नुसते त्या बाईकडं बघायचे. कुणी धीर करून विचारलंच तर म्हणायचे, "आज गाईनं पाणी लई पेलं वाटतं." दुसऱ्या दिवशी त्या बाईचं दूध चोख यायचं.

एकच काम जन्मभर करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना पुढं पुढं सगळंच त्या मापानं मोजायची सवय लागते. भाऊ पिक्चरसुद्धा तसेच मोजायचे.

आमचं गाव कडा या बाजाराच्या गावाच्या अलीकडं. गावात दूध सोसायटी होती आणि भाऊ तिच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. घरदार धारूरकडं. सोसायटीला एक टीव्ही आणि सीडीचं मशीन मिळालं होतं, जनावरांच्या रोगांची माहिती दाखवायला. खुरकुतीची सीडी दोनदा लागली. तिसऱ्यांदा बायका किटल्या आत ठेवून बाहेर जाऊन बसल्या. तेव्हापासून भाऊ कड्याच्या बाजारातून दुसऱ्या सीड्या आणायला लागले. सगळे शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींचे, हसायचे पिक्चर. मारामारीचे आणत नसत. म्हणायचे, "गाई बिचकत्यात." गाई तर गोठ्यात असायच्या.

दुधाची गाडी येईपर्यंत आम्ही बायका खाली पोत्यावर बसून बघायचो. मला वाटायचं, असले पिक्चर सगळे एकसारखेच. तीन मित्र, एक नापास होणारा, एक लाजरा, एक आगाऊ. पण भाऊंना फरक कळायचा. एखाद्यात दर दहा मिनिटांनी गाणं आलं की म्हणायचे, "पाणी घातलंय." एखादा सुरुवातीला चांगला निघायचा आणि मग ढेपाळायचा. त्याला म्हणायचे, "वर साय, खाली ताक." एका पिक्चरमध्ये सगळा वर्ग एका तोतऱ्या मुलाला हसत होता. गयाबाई म्हातारीही हसली. भाऊंनी मशीनच बंद केलं.

"कावून बंद केलं रे?" म्हातारी म्हणाली.

"नासलंय मावशी. नासलेलं मी गाडीत घालत न्हाई."

स्वतः भाऊ कधीच हसले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मी हसलो तर माप चुकंल." मग माप कोण? तर माझी नणंद, शारदा. तेव्हा ती नववी-दहावीला होती. हसू आलं की आधी ओढणी तोंडावर धरायची. जास्त आलं की खांदे हलायचे. त्याहून जास्त आलं की ओढणी खाली पडायची आणि ती माझ्या मांडीवर थापा मारायची. भाऊ पडद्याकडं बघतच नसत. कोपऱ्यात उभं राहून, एक डोळा बारीक करून तिच्या ओढणीकडं बघत. पिक्चर संपला की म्हणायचे, "ओढणी खाली आली. पास." नाहीतर सीडी पाकिटात घालायचे आणि म्हणायचे, "न्हाई लागलं."

एक पिक्चर त्यांनी चार वेळा आणला आणि शेवटी दुकानदाराकडून ठेवूनच घेतला. त्यात पोरं कडक गुरुजींचा चष्मा लपवतात, आणि गुरुजी फळ्याऐवजी शिपायाच्या पाठीवर गणित सोडवतात. शिपाई हलत नाही, कारण उत्तर त्यालाही बघायचं असतं. शारदा चारही वेळा तिथंच कोसळली.

मग एका साली पाऊस पडलाच नाही. त्या वर्षी गाई चारा-छावणीत गेल्या. सोसायटीत पाच-सहा किटल्या यायला लागल्या. पण पिक्चरला गर्दी वाढली, कारण पाण्याचा टँकर सोसायटीपुढंच थांबायचा. हंड्यांची रांग बाहेर, बायका आत. भाऊ म्हणायचे, "दूध गेलं, पब्लिक आलं."

त्याच दिवसांत त्यांनी एक परदेशातला पिक्चर आणला, हिंदीत बोलणारा. त्यात एक पोरगी केवढ्या मोठ्या घरात पलंगावर पडून रडत होती. शाळेच्या नाचाला तिला जोडी मिळाली नव्हती.

गयाबाई म्हणाली, "एवढ्यासाठी रडती व्हय? हिला कुणी तरी ऊसतोडीला न्या गं. तिथं जोडीबिगर कुणी उभं करत न्हाई."

सगळ्या हसल्या. शारदाची ओढणी पडली. भाऊ मात्र म्हणाले, "हे पिक्चरचं धरायचं न्हाई. ही मावशी पास झाली."

पंधरा दिवसांत शारदाला स्थळ आलं. शिरूर कासारकडचं. मुलगा ऊसतोडीच्या टोळीत होता आणि टोळी दसऱ्याला निघणार होती.

भाऊ आमच्या घरी आले ते त्याच संध्याकाळी. कधी यायचे नाहीत. धुतलेला सदरा घातला होता. मामंजी बाजेवर बसले होते. मी चहा ठेवला. शारदा आतल्या खोलीत होती.

"दहावीचं वरीस हाय तिचं," भाऊ म्हणाले. "परीक्षा हुईपातुर थांबा."

"भाऊ, तुमी दूध तपासा. पोरीचं आमी बघतो."

"पोरगं थांबायला तयार न्हाई का?"

"त्याचं बी काय चालतंय? नवराबायकोचा मिळून एक कोयता धरत्यात. एकटा गेला की अर्धा कोयता. मुकादम अर्धा कोयता घेत न्हाई." मामंजी जमिनीकडं बघत होते. "मला हौस हाय का भाऊ? सोळा वर्षांची पोर हाय माझी. पण घरात बघा, हांडाभर पाण्यासाठी दिवस जातो. पुढच्या साली तरी पाऊस हुईल, कोण सांगावं?"

 भाऊ माझ्याकडं वळले.

"वहिनी, तुमी सांगा. शाळा सुटली की काय हुतं ते तुमाला म्हाईत हाय."

मी चौथी शिकलेली. मला सांगायचं होतं, की माझं दप्तर आईनं शेवया ठेवायला घेतलं, आणि पुढं कितीतरी दिवस मी शेवया काढायच्या निमित्तानं ते उघडून वास घ्यायचे. आतल्या खोलीत बांगडी वाजली. शारदा ऐकत होती. मामंजीही थांबले होते. खरं तर त्यांनाही कुणी तरी बोलायला हवं होतं, असं मला आता वाटतं.

मी पदर पुढं ओढला आणि म्हणाले, "भाऊ, चहा निवतोय."

आकडा न सांगता बघायचे, तसं भाऊंनी माझ्याकडं बघितलं. चहा प्यायले आणि गेले.

शारदा लग्न होऊन टोळीबरोबर लांब गेली. भाऊ पिक्चर लावायचे, पण झाल्यावर पासही म्हणायचे नाहीत आणि नापासही नाही. गयाबाई विचारायची, "कसं हाय रे?" ते म्हणायचे, "माप गावाला गेलंय."

पाडव्याच्या पुढं टोळ्या परत आल्या. शारदा चार दिवस माहेरी आली. पदर कमरेला खोचलेला, बोटांना उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा. मी तिला सोसायटीत घेऊन गेले. भाऊंनी तो चष्म्याचा पिक्चर लावला आणि कोपऱ्यात उभे राहिले.

गुरुजी शिपायाच्या पाठीवर गणित करायला लागले. बायका हसल्या. मी मांडी पुढं करून बसले होते. शारदा पडद्याकडं नीट बघत होती, चूल पेटली का ते बघावं तशी. मग मला हळूच म्हणाली, "वहिनी, ती मागच्या बाकावरची पोरगी केवढी असंल?"

"असंल सोळा-सतराची."

"म्हंजी माझ्याएवढीच की."

भाऊंनी पुढं होऊन मशीन बंद केलं.

"आरं, आत्ता तर रंगात आलतं!" गयाबाई ओरडली.

"मशीन बिघडलं, मावशी."

मशीनचा हिरवा दिवा चालूच होता. तो मी पाहिला आणि भाऊंनी मला पाहताना पाहिलं. ते वळून रिकामी किटली पुसायला लागले. कोरडीच होती ती. पण बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर त्यांनी पिक्चर आणला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी सोसायटी बंद झाली. जायच्या दिवशी भाऊ पिशवी घेऊन आमच्या दारात आले, आत आले नाहीत. दूध गाळायच्या फडक्यात गुंडाळलेली ती सीडी त्यांनी माझ्या हातात दिली.

"तिला द्या. म्हणावं, पास झालेला हाय."

धारूरला गेले ते परत दिसले नाहीत. हयात आहेत का, तेही मला माहीत नाही. विचारायचं कुणाला, आणि मी कसं विचारणार?

सीडी अजून माझ्याच पेटीत तळाला आहे. शारदा दरवर्षी टोळीहून आली की चार दिवस येते. ती ओट्यावर बसलेली असते तेव्हा मी आत जाऊन पेटी उघडते. वरच्या लुगड्यांच्या घड्या नीट करते, आणि पेटी परत लावून टाकते.