कूलरसमोरची जागा

झाडं घाबरतात का, असं मला लोक विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, केस कापताना विचारतात, एकदा तर चौकात एका हवालदारानं माझं लायसन्स उलटंसुलटं बघता बघता विचारलं. पीएचडी झाल्यावर जी तात्पुरती संशोधकाची नोकरी मिळते, जिला आम्ही पोस्टडॉक म्हणतो, ती मी नागपुरात करतो. विषय आहे झाडांमधला ताण. पाणी तुटलं, ऊन लागलं, अळीनं पान कुरतडलं, की त्या पानाकडून बाकीच्या झाडाला निरोप कसा जातो, हे मी बघतो. झाडांच्या भीतीबद्दल मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या भीतीबद्दल येतं. या नोकरीला लागल्यापासून मी घाबरलेलाच आहे.

ही नोकरी वर्षावर्षानं वाढते. दर उन्हाळ्यात एक समिती बसते, आपण तिच्यासमोर उभं राहून वर्षभराचं काम दाखवायचं, आणि ती ठरवते की हा माणूस पुढं ठेवायचा की नाही. नाही ठेवला तर काय, हेही आमच्या घरात ठरलेलं होतं. सासऱ्यांचं नागपूरच्या महाल भागात कूलरच्या सामानाचं दुकान आहे. वाळ्याच्या ताट्या, पंप, मोटरी, सगळं मिळतं. ते मोठ्या मायेनं म्हणायचे, "त्या झाडायचं नाही जमलं तर काहून घाबरता जावईबापू, आपलं दुकान हाये." हे ऐकलं की मी विषय बदलायचो. दुकानाला मी कमी लेखत होतो असं नाही. मला मोटरीची कुठली वायर कुठं जाते हे कळत नाही. तिथं मी एक उन्हाळा टिकलो नसतो, आणि सासऱ्यांनीच काढून टाकलेल्या जावयाला नागपुरात कोण उभं करणार?

तर त्या वर्षीचा माझा प्रयोग. मोहरीच्या कुळातलं एक टिचभर रोप असतं, जगभरच्या प्रयोगशाळांचं लाडकं. त्याची एक जात अशी तयार केलेली आहे की झाडात ताणाचा निरोप निघाला की पान मंद चमकतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण काळ्या पेटीत ठेवून खास कॅमेऱ्यानं फोटो काढला की दिसतं. मी कुंड्यांचे दोन गट केले. एका गटाला पाणी द्यायचं, दुसऱ्याला तहानेलं ठेवायचं. तहानेलं चमकलं पाहिजे, पाणी प्यायलेलं काळोखात शांत राहिलं पाहिजे. तुलनेसाठी एक गट सुखात ठेवायचा, एवढंच. शाळेतल्या पोरालाही जमेल असा प्रयोग आहे. म्हणून तर मला त्याची धास्ती होती.

मे महिन्यात झाडांच्या खोलीतला एसी बंद पडला. नागपूरच्या मे महिन्यात एसी दुरुस्त करणारा माणूस सापडणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. तो फोन उचलतो, "येऊन राहिलो साहेब" म्हणतो, आणि येत नाही. आमच्या मॅडम, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करतो त्या, तेव्हा परगावी होत्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "काहीही कर, पण झाडं वाचव." आवाज शांत होता. मॅडम चिडल्या की बरं वाटतं. त्या शांत झाल्या की मला घाम फुटतो.

मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी तासाभरात दुकानातला सगळ्यात दांडगा कूलर टेम्पोत घालून पाठवला. लोखंडी, लग्नाच्या मांडवात ठेवतात तसला. तो चालू केला की खोलीत बोललेलं ऐकू येत नसे. पण खोली गार झाली, ताट्यांचा वास सुटला, आणि मी थर्मामीटरकडे बघून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

आता कुंड्या मांडायच्या होत्या. इथं माझ्यातला शास्त्रज्ञ बाजूला झाला आणि नागपूरकर पुढं आला. आमच्याकडे उन्हाळ्यात घरी कुणी आलं की पहिलं वाक्य असतं, "हवेत बसा." पाहुण्याला कूलरच्या अगदी समोर बसवायचं. पाहुणा जेवढा मोठा, तेवढा कूलरच्या जवळ. घरातल्यांनी आडबाजूला घामेजत बसायचं. माणसाचा मान या गावात असाच राखतात, आणि मीही तसाच वाढलो. ज्या झाडांना सुखात ठेवायचं होतं ती मी कूलरसमोर मांडली. अगदी ऐन झोतात. तहानेल्यांना लांबच्या कोपऱ्यात ठेवलं, त्यांना काय, त्यांना त्रासच द्यायचा होता. काही जास्तीच्या, पाणी दिलेल्या कुंड्या उरल्या. त्यांना जागा नव्हती. लग्नात आलेल्या लांबच्या नातेवाईकांसारख्या त्या मी कूलरच्या मागे सरकवल्या आणि विसरून गेलो. पाणी मात्र सवयीनं घालत राहिलो.

समोरची रोपं डोलत होती. माझी त्यांच्याकडे बघून करमणूक व्हायची. पुढं पुढं ती बुटकी राहिली, पानं जाड आणि गर्द झाली. मी बायकोला कौतुकानं सांगितलं की बघ, हवा मानवली, कशी आटोपशीर बाळसं धरून राहिली.

एसीवाला शेवटी आला. कूलर बंद करून भिंतीला लावला. समितीच्या आधीच्या शनिवारी मी कुंड्या काळ्या पेटीत ठेवून फोटो काढले.

तहानेली झाडं चमकली. ठीक. मग पाणी प्यायलेली ठेवली. पडद्यावर चित्र उमटलं आणि मला वाटलं कॅमेरा बिघडला. ती दिवाळीसारखी झळकत होती, तहानेल्यांपेक्षाही जास्त. मी फोटो पुन्हा काढले. कुंड्या फिरवून काढले. पेटी पुसून काढले. प्रत्येक वेळी सुखातली झाडं तेवढ्याच जोरात ओरडत होती.

त्या दुपारी काय काय मनात आलं. बियांची पाकिटं अदलाबदल झाली असतील. चिठ्ठ्या उलट्या लावल्या असतील. माझ्याकडून काहीही होऊ शकतं. मागं एकदा मी कॅमेऱ्याच्या भिंगावरची टोपी न काढता अख्खी सकाळ फोटो काढले होते आणि 'आज झाडं फार शांत आहेत' असं मॅडमना कळवलं होतं. पण तेव्हा वेळ होता. आता बुधवारी समिती, सोमवारी मॅडम परत, आणि दाखवायला माझ्याकडे एवढाच प्रयोग. समितीत बाहेरून येणारे एक सर होते. गेल्या वर्षी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "बरं, मग?" त्यावर मी जे बोललो ते मला आठवत नाही. 

शहराच्या टोकाला वाडी म्हणून भाग आहे, तिथं आम्ही भाड्यानं राहतो. खाली रात्रंदिवस ट्रक असतात, त्यांची सवय झालेली आहे. त्या संध्याकाळी मात्र प्रत्येक हॉर्नला मी दचकत होतो. बायकोला सगळं सांगितलं, आणि सांगताना तीन-चार विनोदही केले. तिनं जेवायचं ताट पुढं ठेवलं आणि म्हणाली, "तू विनोद करून राहिला म्हणजे प्रकरण मोठं आहे." मग तिनं हळूच विचारलं, दुकानाचं बाबांशी बोलू का. ती चेष्टा करत नव्हती, म्हणून मी जास्त हादरलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. महालात सासरी जेवायला बोलावलं होतं. जायची इच्छा नव्हती, पण न जाण्याचं कारण सांगायचं धैर्य त्याहून नव्हतं. बैठकीत मी दाराजवळ टेकलो तर सासरे बाहेर आले. "तिकडं काहून बसून राहिले जावईबापू? हवेत या." मला दंडाला धरून कूलरसमोरच्या खुर्चीत बसवलं, कूलरच्या पट्ट्या खाली वळवून झोत नेमका माझ्या तोंडावर केला, आणि स्वतः कूलरच्या मागे जाऊन बसले, जिथं त्यांचे धाकटे भाऊ पेपर वाचत आरामात पाय पसरून होते.

दहा-पंधरा मिनिटांत माझी मान आखडली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासरे मागून काही विचारत होते, ते मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी नुसताच हसून मान डोलावत होतो. मी नक्की कशाला हो म्हणत होतो कुणास ठाऊक, दुकानालाही म्हणत असेन. केस उडत होते, शर्टाची कॉलर थाडथाड गालावर आपटत होती. उठावं वाटत होतं, पण जावई मानाच्या जागेवरून उठून जाणार कसा? मी खुर्चीचे हात घट्ट धरून जागच्या जागी आकसून बसलो होतो. बुटका होऊन.

आणि मला माझी झाडं दिसली.

त्यांना पाणी होतं, गारवा होता, सगळं होतं. फक्त दिवसरात्र कुणीतरी गदागदा हलवत होतं आणि उठून जाता येत नव्हतं. वारा हा झाडाला ताणच असतो. सतत हललेलं झाड खुजं होतं, जाड होतं, हे पुस्तकात आहे, मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं आहे. त्यांच्या जाडपणाला मी बाळसं म्हणत होतो.

मी ताडकन उठलो. सासूबाई ताटं वाढली म्हणून सांगायला आल्या होत्या. मी म्हणालो, कूलरच्या मागच्या कुंड्या. त्या घाबरल्या. बायकोनं मात्र माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. "दुपट्टा बांधून जा," एवढंच म्हणाली. भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी अमरावती रोडवरच्या प्रयोगशाळेकडे निघालो. अंगातली भीती आता वेगळी होती. मागच्या कुंड्याही चमकल्या तर माझ्याकडे दुसरं काहीच उरणार नव्हतं.

तेच बी, तीच माती, तेवढंच पाणी, फक्त वारा नाही. मी त्या कुंड्या पेटीत ठेवल्या, बटण दाबलं आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो. वळायला बराच वेळ लागला. पडदा काळा होता. मी भिंगाची टोपी तपासली. काढलेली होती. झाडं खरोखर शांत होती.

सोमवारी मॅडमना सगळं दाखवलं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. कुंड्या बघितल्या, भिंतीला लावलेला कूलर बघितला, तो आधी होता तिथपासून कुंड्यांपर्यंतचं अंतर बघितलं. मी म्हणालो, ही चित्रं चुलीत घाला म्हटलं तरी घालतो, पण... त्यांनी मला थांबवलं.

"प्रयोग गेला, हे तुला कळतंय ना?"

हो म्हणालो.

"मग बुधवारी कुणी विचारायच्या आत तू सांगायचं. आणि विनोद करायचा नाही. घाबरलास की करतोस."

मला ठेवतील का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." खोटा धीर दिला असता तर त्या दोन रात्री मी जरा झोपलो असतो.

बुधवारी समितीच्या खोलीत व्यवस्था माझ्याकडे होती. बाहेरचे सर कुठं बसतील, हे मी विचारही न करता ठरवलं होतं. दार उघडून आत गेलो तर ते कूलरसमोर बसले होते. मानेभोवती रुमाल, एक हात कागदांवर दाबलेला, दुसऱ्या हातानं चष्मा धरलेला. खुर्ची मीच तिथं ठेवली होती.

मी बोलायला लागलो. सुरुवातीलाच सांगितलं की तुलनेचा गट माझ्या हातून बिघडला आहे, ही चित्रं प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.  जिभेवर विनोद आला होता, तो गिळला. मग मागच्या कुंड्यांचा काळा फोटो दाखवला. 

"कूलर झाडांपासून किती लांब होता?" सरांनी विचारलं.

मी मॅडमकडे बघितलं. त्या पेनाच्या टोपणाकडे बघत होत्या.

"सर, तुम्ही बसलात तेवढा."

हे ठरवून बोललो नव्हतो. दुसरं उत्तरच नव्हतं. सरांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती पुरती वळली नाही. मग ते वेगळ्याच आवाजात बोलले. गेल्या वर्षी शुद्ध मराठीत "बरं, मग?" विचारणारा माणूस इथलाच निघाला.

"अर्ध्या तासापासून बसून राहिलो गा इथं. कोणाले सांगू?"

मी धावत जाऊन पट्ट्या वर केल्या. त्यांनी रुमाल सोडला, चष्मा नीट लावला, आणि मला तिथल्या तिथं इतके प्रश्न विचारले की वाटलं मघाचाच झोत बरा होता. वारा आणि तहान एकत्र दिली तर? थांबवल्यावर चमक किती वेळानं मावळते? पहिलं पान हललं तर शेवटच्याला कधी कळतं? निम्म्यांना मी 'माहीत नाही' म्हणालो. प्रत्येक वेळी ते काहीतरी लिहून घेत होते, आणि प्रत्येक वेळी मला महालातलं दुकान दिसत होतं.

मुदत वाढली. एका वर्षानं, आणि एका अटीवर: प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करायचा, या वेळी वारा मोजून. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच समिती, तेच सर, तेच "बरं, मग?" मी आनंद केला, पण जपून.

रविवारी सासरी पेढे घेऊन गेलो. सासऱ्यांना फार आनंद झाला. त्यांच्या कूलरमुळे माझी नोकरी टिकली, एवढं त्यांना कळलं होतं, आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येईना. त्यांनी दंडाला धरून मला त्याच खुर्चीत बसवलं. आता मी वाऱ्यावर संशोधन करणारा माणूस होतो. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि हसलो.

बायको आतून आली. जाता जाता, काही न बोलता, तिनं कूलरच्या पट्ट्या वर केल्या.

सासरे उठले आणि त्यांनी त्या पुन्हा खाली केल्या.